क्रिएटिनिन १.१ : रेंजमध्ये बसलेला, पण नॉर्मल नसलेला रिपोर्ट

ही केस ६२ वर्षांच्या एका वारकरी बाईंची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आजार दुर्मीळ नाही, उलट फार नेहमीचा आहे, आणि मुद्दाम लिहायला घेतला तो त्यासाठीच. किडनीच्या साध्या रक्ततपासणीत काय दिसतं, काय दिसत नाही आणि घरची माणसं नेमकी कोणत्या ओळीपाशी घाबरतात, ते सगळं या एका फाइलमध्ये आलं आहे. मेडिसिनचा डॉक्टर म्हणून तालुक्याच्या गावात काम करताना असे रिपोर्ट रोज हातात येतात. त्यातले बरेचसे चुकीच्या कारणासाठी घाबरवतात, आणि काही चुकीच्या कारणासाठी निर्धास्त करतात. यातला दुसरा प्रकार जास्त नुकसान करतो.

काय घडलं

बाईंना मधुमेह नऊ वर्षांपासून, बीपी पाच वर्षांपासून. रोजच्या गोळ्या म्हणजे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्र गोळी. अंगकाठी किरकोळ, नेहमीचं वजन ४६ किलो. खुरपणीला जाणाऱ्या, काटक. आळंदीहून निघालेल्या पालखीबरोबर दिंडीत चालल्या. फलटणच्या पुढे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा बरोबरच्या एकीने अंगदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप दिली. सकाळी एक, रात्री एक. ती संपल्यावर वाटेतल्या मेडिकलमधून तीच पुन्हा घेतली. रिकामी स्ट्रिप मुलाने खिशात घालून आणली होती, म्हणून बरं झालं. फॉइलवर अर्धवट फाटलेलं ‘डायक्लोफिनॅक’ वाचता येत होतं.

वेळापूरच्या आसपास जुलाब सुरू झाले, मग उलट्या. तशाच पंढरपूरला पोहोचल्या, कळसाचं दर्शन घेतलं आणि मुलाने गाडी करून घरी आणलं. पाणी किती पीत होतात, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पानी पेलं की जावं लागायचं. बायामानसांनी रस्त्यात जायचं कुठं? मग पानीच कमी केलं.” हे वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहिलं. किडनीच्या कोणत्याही तपासणीइतकीच माहिती त्यात आहे. प्रवासात, यात्रेत, शेतावर, बाजारात बायका लघवीची सोय नाही म्हणून तहान मारतात, आणि ही गोष्ट त्या आपण होऊन सांगत नाहीत. विचारावी लागते.

बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र त्यांनी जुलाब चालू असतानाही एक दिवस चुकवल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं नीट पाळलं, असा त्यांचा भाव होता, आणि त्यांच्या दृष्टीने तो बरोबरच होता. आजारपणात यातल्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे त्यांना कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तपासताना जीभ कोरडी, नाडी ११२, झोपून घेतलेलं बीपी ९०/६०, वजन ४३.५ किलो. आदल्या दिवसापासून लघवी दोनदाच, तीही गडद. बोटावरची शुगर ६८.

मुलाच्या हातातला कागद

मुलाने आदल्या संध्याकाळी गावातल्या कलेक्शन सेंटरवर आईचं रक्त तपासायला दिलं होतं. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, त्याची प्रिंट त्याच्या हातात होती. ब्लड युरिया ११८, सीरम क्रिएटिनिन २.६, युरिक अ‍ॅसिड ८.९, सोडियम १३१, पोटॅशियम ५.८, ईजीएफआर २०. जवळजवळ प्रत्येक आकडा ठळक अक्षरात. रात्रभर त्याने मोबाइलवर शोधलं होतं आणि ‘ईजीएफआर १५ ते २९ म्हणजे किडनीच्या आजाराची चौथी पायरी’ इथे येऊन तो थांबला होता. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने विचारलं, “डॉक्टर, डायलिसिस करावं लागणार का?”

आधी क्रिएटिनिन. आपल्या स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो, त्याची रोज थोडीथोडी मोड होऊन क्रिएटिनिन तयार होतं. ते रक्तात येतं आणि मुख्यतः किडनीतून गाळून लघवीवाटे बाहेर पडतं. एखाद्या माणसात रोज तयार होणारं प्रमाण साधारण ठरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं की गाळणं कमी झालं असा अर्थ लावता येतो. पण तयार किती होतं, हे स्नायूंवर अवलंबून असतं. व्यायामाने कमावलेल्या अंगाच्या तरुणाचं क्रिएटिनिन निरोगी असूनही १.३ असू शकतं. ४६ किलोच्या बाईंमध्ये मुळात तयारच कमी होतं, म्हणून त्यांच्यात थोडीशी वाढसुद्धा मोठी मानावी लागते. आदल्या रात्री मटण भरपूर खाल्लं, जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेत असलात, किंवा ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक चालू असलं, तरी किडनी ठीक असताना आकडा थोडा वर जातो. या बाईंच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. रोजची लांबची चाल मात्र होती, म्हणून स्नायूंना इजा झाली आहे का ते पाहायला सीपीके करून घेतलं. ते किंचित वाढलेलं होतं, किडनीला धोका होईल इतकं नव्हतं.

युरिया हा प्रथिनांच्या पचनातून येणारा टाकाऊ पदार्थ, यकृतात तयार होतो. तोही किडनीतून बाहेर जातो, पण शरीरात पाणी कमी असलं की किडनी पाण्याबरोबर युरियाही परत आत ओढून घेते. त्यामुळे जुलाब-उलट्यांत युरिया क्रिएटिनिनपेक्षा वेगाने चढतो. पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव झाला, स्टेरॉइड चालू असलं, तरीही तो वाढतो, म्हणून काळ्या रंगाची शौच झाली का, हे विचारलं. झाली नव्हती. वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

युरियाबद्दल एक गोंधळ नेहमीचा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब ‘ब्लड युरिया’ छापतात, काही ‘बीयूएन’ म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन छापतात. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतो. ११८ युरिया म्हणजे बीयूएन ५५. त्याला २.६ ने भागलं की २१ येतं. हे गुणोत्तर २० च्या वर असेल तर पाणी कमी पडल्यामुळे किडनीला रक्तपुरवठा अपुरा झाल्याचा संशय बळावतो. एकट्या या आकड्यावर निदान करू नये, पण कोरडी जीभ, ९०/६० चं बीपी आणि अडीच किलो उतरलेलं वजन शेजारी ठेवलं की चित्र जुळतं.

पोटॅशियम ५.८ हा त्या कागदावरचा सगळ्यात तातडीचा आकडा होता, आणि घरच्यांचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून पहिल्यांदा ईसीजी काढला. तो ठीक होता. मग रक्त पुन्हा घेतलं, कारण पोटॅशियम ही सहज फसवणारी तपासणी आहे. दंडाला पट्टा बराच वेळ बांधून ठेवला, मूठ वारंवार आवळायला सांगितली, नमुना खेड्यातून लॅबपर्यंत गाडीवर तासनतास हिंदकळत गेला, की स्नायूंतलं किंवा फुटलेल्या लाल पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा चढतो. ताज्या नमुन्यात ५.४ आलं. म्हणजे वाढलेलं होतंच, पण कागदावर होतं तितकं नाही. बायकार्बोनेट १७ होतं, म्हणजे रक्तात आम्ल साठायला लागलं होतं.

युरिक अ‍ॅसिडवर मी फार वेळ घालवला नाही. पाणी कमी, किडनी मंद आणि हायड्रोक्लोरोथायझाइड चालू, या तिन्हींमुळे ते वाढतं. सांधा लाल होऊन सुजलेला नव्हता. घरच्यांनी मात्र रात्रीच डाळ बंद करून टाकली होती, ती पुन्हा सुरू करायला सांगितली.

आता ईजीएफआर, ज्याने मुलाची झोप उडवली होती. ही वेगळी तपासणी नसते. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष एवढ्या माहितीवरून सूत्राने काढलेला तो अंदाज असतो, की दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात. सध्या बऱ्याच लॅब २०२१ चं सीकेडी-एपीआय सूत्र वापरतात. सूत्राची एक अट आहे, ती म्हणजे क्रिएटिनिन स्थिर हवं. काही दिवसांत झपाट्याने चढत असलेल्या क्रिएटिनिनवर ते लावलं तर उत्तराला अर्थ राहत नाही. चढ चालू असताना खरं गाळणं छापलेल्या आकड्यापेक्षाही कमी असतं, उतार चालू असताना त्याहून बरं असतं. शिवाय दीर्घकालीन आजाराच्या पायऱ्या लावायच्या तर बिघाड तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला असावा लागतो. एका संध्याकाळच्या रक्तावरून चौथी पायरी ठरत नाही. लॅबचं संगणक-सॉफ्टवेअर हे सगळं न विचारता आकडा छापून मोकळं होतं.

डायलिसिसचंही तसंच. तातडीचं डायलिसिस क्रिएटिनिनचा अमुक आकडा गाठला म्हणून करत नाहीत. औषधांना न बधणारं पोटॅशियम, आटोक्यात न येणारं आम्ल, फुप्फुसात भरलेलं पाणी, युरिया साठून आलेली गुंगी किंवा हृदयाभोवतीची सूज, अशी कारणं लागतात. यातलं एकही नव्हतं. मुलाला मी सांगितलं, आज तरी नाही, आणि बहुधा लागणारही नाही. पण खात्रीने बोलण्याआधी मला एक गोष्ट हवी होती. जुने रिपोर्ट.

पिशवीतले तीन कागद

संध्याकाळी सून घरून एक पिशवी घेऊन आली. रेशनकार्डाची झेरॉक्स, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, कुठल्याशा शिबिरात काढलेला ईसीजी, आणि त्यांत चुरगळलेले रक्ताचे तीन रिपोर्ट. तिघांवरही क्रिएटिनिन होतं.

चार वर्षांपूर्वीचं ०.८. दोन वर्षांपूर्वीचं ०.९. सहा महिन्यांपूर्वीचं, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी केलेलं, १.१. छापलेली रेंज ०.६ ते १.२. एकाही आकड्यापुढे खूण नाही, एकही ठळक अक्षरात नाही. तिन्ही वेळा ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असंच सांगितलं गेलं, आणि छापलेल्या रेंजच्या हिशेबाने ते खोटंही नव्हतं.

ईजीएफआर या कागदांवर नव्हता, तो मी काढला. ५८ व्या वर्षी ०.८ म्हणजे ८५. साठीला ०.९ म्हणजे ७३. आणि शेवटचं १.१ म्हणजे ५७. क्रिएटिनिनमध्ये दशांश तीनचा फरक दिसतो, पण गाळण्याची क्षमता साडेतीन वर्षांत ८५ वरून ५७ वर आली होती, वर्षाला आठ. वयोमानानुसार मध्यम वयानंतर वर्षाला साधारण एक कमी होणं अपेक्षित असतं. वर्षाला पाचपेक्षा जास्त घट टिकून राहिली तर तिला वेगवान घसरण म्हणतात.

तेच १.१ पंचविशीतल्या पुरुषाचं असतं तर ईजीएफआर ९६ आला असता, आणि मी त्याला हसत घरी पाठवलं असतं. रेंज ही लोकसंख्येची असते, किडनी एका माणसाची असते. छापलेली रेंज त्या माणसाचं वय, वजन, स्नायू काहीच विचारत नाही. त्यात भर म्हणजे क्रिएटिनिन सुरुवातीला फार हळू सरकतं. गाळण्याची क्षमता निम्म्याच्या जवळपास जाईपर्यंत ते बऱ्याच जणांत रेंजच्या आतच राहतं, आणि त्यानंतर मात्र थोड्या घसरणीतही उडी मारून चढतं. बारीक अंगाच्या, वयस्कर, मांसाहार जवळजवळ नसलेल्या बायकांत हा धोका सगळ्यात जास्त. त्यांच्यात सूत्रसुद्धा खऱ्यापेक्षा थोडं चांगलंच चित्र दाखवतं, कारण कमी स्नायूंमुळे क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. शंका राहिली तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी असते, ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. पण ती महाग आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी सहसा बाहेर पाठवावी लागते.

एक सावधगिरीही सांगायला हवी, नाहीतर वाचणारे दशांश एकच्या फरकाने धास्तावतील. क्रिएटिनिन मोजायची जाफे पद्धत १८८६ सालची, पिक्रिक अ‍ॅसिडबरोबर येणाऱ्या नारिंगी रंगावर चालणारी. तिचीच सुधारित आवृत्ती आजही आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये वापरात आहे. शुगर फार वाढून कीटोन झाले असतील तर ती आकडा वर दाखवू शकते, कावीळ असेल तर खाली. एन्झाइमवर चालणारी पद्धत जास्त नेमकी, पण महाग. वेगवेगळ्या लॅबमध्ये, किंवा एकाच माणसात दोन दिवशी, दशांश एकचा फरक सहज पडतो. म्हणून ०.९ चं १.० झालं तर घाबरायचं कारण नाही. एकाच दिशेने सरकत गेलेले तीन आकडे ही वेगळी गोष्ट. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी आणि जुने कागद फेकू नयेत, हे मी प्रत्येक मधुमेही पेशंटला सांगतो, त्याचं कारण हे.

म्हणजे आता निदान दोन ओळींचं झालं. आधीपासून हळूहळू मंदावत चाललेली किडनी, आणि तिच्यावर आठवड्याभरात आलेला तीव्र घाव. १.१ वरून २.६ म्हणजे दुपटीहून जास्त वाढ, तीव्र किडनी इजेच्या निकषांत दुसरी पायरी.

इजा कशी झाली

मुलगा बागायतदार, म्हणून त्याला पाटाच्या पाण्याच्या भाषेत सांगितलं. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आत आणणारी एक बारीक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. पाटाला पाणी कमी आलं, की शरीर आतलं दार मोठं करतं आणि बाहेरचं दार आवळतं, म्हणजे थोड्या पाण्यातही गाळणीत दाब टिकतो. आतलं दार मोठं ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं करतात, डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या तेच बंद पाडतात. बाहेरचं दार आवळायचं काम अँजिओटेन्सिन हे संप्रेरक करतं, टेल्मिसार्टन ते होऊ देत नाही. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी-मीठ बाहेर काढत राहतं. एरवी टेल्मिसार्टन मधुमेह्याच्या किडनीला चांगलंच असतं, त्याच्याविषयी गैरसमज नको. पण जुलाब चालू, पाणी जाणूनबुजून कमी प्यायलेलं आणि वर वेदनाशामक, अशा वेळी तिन्ही बाजूंनी गाळणीतला दाब पडतो.

शुगर ६८ कशी, तर त्याचंही उत्तर किडनीतच. किडनी मंदावली की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम शरीरात लांबतो. खाणं नव्हतंच. अनेक वर्षं न उतरणारी शुगर अचानक आपोआप सुधारली, तर आनंद मानण्याआधी क्रिएटिनिन करून घ्यावं.

उपचार साधे होते. डायक्लोफिनॅक, टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड बंद. शिरेतून सलाइन, दर काही तासांनी बीपी आणि फुप्फुसं तपासून बेताबेताने. लघवी मापाच्या भांड्यात. सोनोग्राफीत कुठे अडथळा नव्हता, किडन्या ९.२ आणि ९.४ सेंटिमीटर. आकार ठीक आहे म्हणून जुना आजार नाही, असं मधुमेहात म्हणता येत नाही. तिथे किडनी बराच काळ मोठी किंवा नेहमीच्या मापाची राहते.

नातेवाईक शहाळी घेऊन आले. आजारी माणसाला नारळपाणी, हे आपल्याकडे ठरलेलंच आहे, आणि त्यामागची माया खरी असते. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. पोटॅशियम वाढलेल्या पेशंटला ते, मोसंबीचा रस आणि ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ, तिन्ही बंद ठेवली. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. सुनेने शहाळी वॉर्डातल्या इतरांना वाटून टाकली.

आकडे उतरताना

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिएटिनिन २.७ आलं. मुलाचा चेहरा उतरला, सलाइन देऊनही वाढलंच की. पण रात्रभरात लघवी ९०० मिलिलिटर झाली होती, पोटॅशियम ४.९ वर आलं होतं आणि बाई उठून बसल्या होत्या. क्रिएटिनिन मागून चालतं. गाळणं सुधारलं तरी आधी साठलेलं निघून जायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसांत लघवी, वजन आणि बीपी यांच्यावर माझा जास्त भरवसा असतो. तिसऱ्या दिवशी २.२, चौथ्या दिवशी १.८.

चौथ्या दिवशीचं रक्त आमचं मशीन बंद असल्यामुळे दुसऱ्या लॅबमध्ये गेलं. मुलगा रिपोर्ट घेऊन धावतच आला, “युरिया ११८ चा ३४ झाला!” कागदावर बीयूएन ३४ होतं. २.१४ ने गुणून युरिया ७३ भरतो. सुधारणा चांगली होती, त्याला वाटली तेवढी नव्हती. त्याच दिवशी डिस्चार्ज घ्यायचा त्याचा आग्रह होता, म्हणून हे समजावणं भाग पडलं. आणखी दोन दिवस ठेवून क्रिएटिनिन १.५ वर घरी सोडलं.

पंधरा दिवसांनी १.२, पोटॅशियम ४.५, बीपी १४८/८६. टेल्मिसार्टन एकटं पुन्हा सुरू केलं, हायड्रोक्लोरोथायझाइडशिवाय. इथे बरेच जण घाबरून ते कायमचं बंद ठेवतात, आणि त्याने पेशंटचं दीर्घकालीन नुकसान होतं. सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी रक्त पाहिलं, १.३. या औषधाने गाळणीतला दाब थोडा उतरतो, त्यामुळे क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढणं चालतं. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम चढलं तर मात्र थांबून विचार करायचा.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.२ वर स्थिर, ईजीएफआर ५१. आणि तेव्हा ती तपासणी केली, जी नऊ वर्षांच्या मधुमेहात एकदाही झाली नव्हती. लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे एसीआर. सकाळच्या लघवीचा थोडासा नमुना पुरतो, २४ तासांची लघवी जमवावी लागत नाही. ३० च्या खाली असावा, या बाईंचा २१० आला, दुसऱ्या नमुन्यात १८०. तापात, लघवीच्या जंतुसंसर्गात किंवा जबर श्रमांनंतर तो तात्पुरता वाढतो, म्हणून अ‍ॅडमिट असताना मुद्दाम केला नव्हता. मोतीबिंदूच्या वेळी डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचे बदल दिसल्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर होतीच. सगळं एकत्र ठेवून मधुमेहामुळे आलेला दीर्घकालीन किडनीचा आजार, पायरी ३-अ, अल्ब्युमिन मध्यम वाढलेलं, असं निदान लिहिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचे ५७ आणि आताचे ५१, मध्ये तीन महिन्यांहून जास्त अंतर, दोन्ही ६० च्या खाली, त्यामुळे आता पायरी लावायला हरकत नव्हती.

अल्ब्युमिन अनेकदा क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी आधी लघवीत दिसायला लागतं. टाइप दोनच्या मधुमेहात निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी एसीआर आणि क्रिएटिनिन दोन्ही करायला हवं. शिबिरांत, फिटनेसच्या पॅकेजमध्ये, दवाखान्यांत क्रिएटिनिन होतं आणि एसीआर राहून जातो. माझी सगळ्यात मोठी तळमळ याच्याबद्दल आहे. या बाईंचा एसीआर चार वर्षांपूर्वी झाला असता तर बहुधा तेव्हाच काहीतरी हाती लागलं असतं, आणि निदान अंगदुखीच्या गोळ्यांबद्दल कुणीतरी बजावलं असतं.

सध्याची स्थिती

टेल्मिसार्टन चालू, मेटफॉर्मिन पुन्हा सुरू. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर त्याचा डोस कमी करावा लागेल, ३० च्या खाली बंद. ग्लिमेपिराइड काढून डापाग्लिफ्लोझिन दिलं आहे. किडनीची घसरण मंद करणारं हे औषध, आणि त्याचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून अशा घरांनाही परवडतं. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम. घरच्यांना वाटत होतं की आता पिठलं, डाळ, दूध सगळं बंद. तसं नाही. ४६ किलोच्या बाईंना दिवसाला ३५-३७ ग्रॅम प्रथिनं लागतातच, त्यांचं रोजचं जेवण त्याच्या आतबाहेरच आहे. मीठ मात्र कमी, लोणचं-पापड जपून.

जुलाब, उलट्या किंवा ताप येऊन खाणंपिणं सुटलं, तर टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन थांबवायचं, ओआरएस घ्यायचं, फोन करायचा, आणि नीट जेवायला लागून एक-दोन दिवस झाल्यावर पुन्हा सुरू करायचं. हे सुनेने मोठ्या अक्षरात लिहून गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला चिकटवलं आहे. कुणीही वाचून स्वतःच्या गोळ्या थांबवू नयेत. कोणती यादी कुणाला लागू पडते, हे आपापल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं.

पुढच्या आषाढीला जाऊ का, असं त्यांनी विचारलं. मी जा म्हटलं आहे. निघायच्या आठ दिवस आधी क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम, परतल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पाठीवरच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं आणि पॅरासिटामॉल. गोळ्यांच्या यादीची लॅमिनेट केलेली प्रत, तिच्यावर १.२ हा त्यांचा स्वतःचा आकडा तारखेसकट, म्हणजे वाटेत कुठल्याही डॉक्टरांनी रक्त तपासलं तर तुलना करता येईल. आणि जिथे शौचालयाची सोय दिसेल तिथे जाऊन यायचं, पण पाणी कमी करायचं नाही, हे दिंडीतल्या बरोबरच्या बायकांनाही सांगायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं आहे.